न आटणारं कापड

आमच्या दुकानात कोरं कापड कधी थेट कात्रीखाली गेलं नाही. आधी त्याला पाणी दाखवायचं, हा अप्पांचा नियम. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, घरातलं लग्न परवावर आलेलं असो, मांजरपाट असो की पॉपलिन, ते न्हाणीशेजारच्या दगडी टाक्यात दिवसभर बुडून राहायचं आणि मग अंगणातल्या दोऱ्यांवर चढायचं. पिळायचं नाही, नुसतं निथळू द्यायचं. त्यामुळे नांदूरघाटच्या आमच्या घराला दोनच आवाज होते. पुढच्या दुकानात अप्पांच्या पायमशीनचा आणि मागच्या अंगणात कापडातून ठिबकणाऱ्या पाण्याचा. नव्या कापडाच्या खळीचा आंबूस वास आमच्या अंगाला, अंथरुणाला, भाकरीच्या टोपल्यालासुद्धा यायचा. शाळेतल्या पोरी त्यावरून मला चिडवायच्या. मी नाक उडवायचे, कारण घरात राहणाऱ्याला तो वास येतच नाही. बाहेरून परतलं की दाराशी एकदा यायचा, की आपलं घर आलं म्हणून समजायचं.

वाळलेलं कापड अप्पा पुन्हा मोजायचे, टेपनं नाही, बोटांनी. दोन वाराला चार बोटं, कधी पाच. याला ते आट म्हणायचे आणि आट धरल्याशिवाय कात्री लावायची नाही. गिऱ्हाइकांची मापंसुद्धा त्यांनी कधी वहीत लिहिली नाहीत. प्रत्येकाची एक पट्टी असायची, मांजरपाटाच्या काठाची, लांबलचक. तिच्यावर छातीला एक कात्रीची चीर, कंबरेला दुसरी, बाहीला तिसरी. मशीनमागच्या भिंतीवर खिळ्यांना अशा पट्ट्या लोंबत असायच्या आणि कुठली कुणाची ते अप्पांनाच ठाऊक. पुढे मलाही कळायला लागलं. माणूस मेला की त्याची पट्टी अप्पा काढायचे आणि तिच्या वाती करून देवळात द्यायचे. आमच्या लिंगायत वाण्याच्या घरात असल्या रीती पुष्कळ होत्या. सकाळी अप्पा कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले की मशीनलासुद्धा भस्माची बोटं ओढायचे, आणि मग दिवसभर काळ्या मशीनवर तीन पांढऱ्या रेघा दिसायच्या.

अप्पा चौथीच्या पुढे शिकले नव्हते, पण वस्तू लहान कशा होतात याचा त्यांना भारी नाद होता. बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून फिरायला निघाले की मला सोबत घ्यायचे आणि दाखवत सुटायचे. कुंभार विटेचा साचा विटेपेक्षा बोटभर मोठा करतो, कारण चिखल उन्हात आकसतो आणि भट्टीत आणखी आकसतो. सुतार बाभळीचं लाकूड तोडल्यावर दोन पावसाळे तसंच पडू देतो, नाहीतर चाकाचे सांधे उघडे पडतात. लोहाराचं मात्र उलटं. तो गाडीच्या चाकाची लोखंडी धाव मुद्दाम लहान करतो, शेणकुटांच्या जाळात लाल करून चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो, की धाव आवळते आणि चाक जन्माचं बांधलं जातं. आईनं खव्यासाठी दूध चुलीवर ठेवलं की अप्पा म्हणायचे, बघ, हे आटलं की गोड होतं. त्यांच्या मते आटण्यात वाईट काही नव्हतं, फक्त किती आटणार ते आधी ठाऊक पाहिजे. माझा मुलगा आता पुण्याजवळ प्लॅस्टिकचे डबे करणाऱ्या कारखान्यात आहे. तो परवा सांगत होता की प्लॅस्टिक थंड होताना आकसतं म्हणून त्यांचा साचाही मोठाच असतो, आणि किती मोठा ठेवायचा याचे तक्ते असतात. मी त्याला म्हटलं, तुझ्या आजोबांचा तक्ता बोटांत होता. तो हसला. तो आजोबांना भेटलेलाच नाही, तेव्हा त्याला हसू येणं साहजिक आहे.

माझा थोरला भाऊ विश्वनाथ, आमचा दादा, याला या सगळ्याचा वीट आला होता. बाहेर देशात काय काय खुलं झालं होतं म्हणे, आणि ते दादाला आमच्या आधी कळलं होतं. तो सोलापूरला, औरंगाबादला जायचा आणि परत आला की तयार कपड्यांच्या गोष्टी सांगायचा. पुठ्ठ्याच्या खोक्यात, टाचण्या लावलेले, कॉलरखाली प्लॅस्टिकची पट्टी घातलेले शर्ट. माप घ्यायची भानगड नाही, कापड भिजवायची नाही, शिवून कधी मिळेल म्हणून कुणी तगादा लावणार नाही. दादाला दुकान तयार कपड्यांचं करायचं होतं. तो वाईट माणूस नव्हता, आजही नाही. त्याला फक्त थांबता यायचं नाही. माझ्या बाबतीतही तसंच. मी अकरावीला केजच्या कॉलेजात एसटीनं जायला लागले होते, आणि दादानं तेवढ्यात लातूरकडचं एक स्थळ आणलं होतं. अप्पांनी त्याला दोन वर्षं थांबवलं. पोरगी बारावी होईल, मग बघू. दादा कुरकुरला, पण अप्पा धडधाकट होते आणि दुकान त्यांचं होतं, तोवर घरात शब्दही त्यांचाच होता.

मी बारावीत जाणार त्या उन्हाळ्यात दादानं अप्पांसाठी एक पांढरा टेरिकॉटचा शर्ट आणला. तयार. खोक्यावर लिहिलेलं होतं की हे कापड आटत नाही. अप्पांनी तो अंगात घालायच्या आधी, सवयीनं, टाक्यात बुडवला. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर बोटांनी मोजला. पुन्हा मोजला. मग आत जाऊन टेप आणला आणि तिसऱ्यांदा मोजला, आणि हे मी त्यांना जन्मात पहिल्यांदा करताना पाहत होते. सुताचासुद्धा फरक नव्हता. दादा दारात उभा राहून हसत होता. अप्पा शर्ट हातात घेऊन खाली बसले आणि म्हणाले, "आटत न्हाई म्हंजी या कापडाला आपली गरज न्हाई." पण शर्ट त्यांनी वापरला. लेकानं आणलेला होता, आणि तो अंगावर घातला की दादाचा चेहरा खुलायचा.

आता जे सांगायचं ते मी तीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. सांगितलं असतं तर कुणी समजूत घातली असती, आणि समजूत मला नको होती.

श्रावणात अप्पा दाढी करत नसत. त्या वर्षी त्यांनी आषाढापासूनच दाढी ठेवली, परळीच्या वैजनाथाला नवस बोललोय म्हणाले. गळ्याभोवती उपरणं घ्यायला लागले. खोकला होता, पण तो शिंप्याच्या घरात कुणी मनावर घेत नाही, कापडाचं तूस रोजच नाकातोंडात जातं. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आई मठात भजनाला गेली होती आणि दादा गावाला. दुकानाची एक फळी लावून अप्पांनी मला मशीनवर बसवलं. मी तोवर चांगलं शिवायला लागले होते. परकर-पोलकी मीच शिवायची, काजं तर अप्पांपेक्षा सुबक करायची. त्यांनी तो पांढरा शर्ट माझ्यापुढे ठेवला.

"नंदे, हा आत घे. बगलंपासून खाली, दोनी बाजूंनी दोन दोन बोटं. कापू नको. जादाचं कापड आतच राहू दे."

मी विचारलं, कावून, हे कापड तर आटतही नाही आणि सैलही पडत नाही. ते बनियनवर बसले होते, उपरणं बाजूला होतं, आणि तेव्हा मला त्यांचा गळा दिसला. गळ्याच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते. हे मी रोज जेवायला वाढताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण दाढी आणि उपरण्यामागे ते असं सरळ दिसत नव्हतं. मी भिंतीवरच्या त्यांच्या स्वतःच्या पट्टीकडे पाहिलं. छातीच्या चिरेच्या अलीकडे नवी चीर होती, आणि तिच्या अलीकडे आणखी एक. त्यांनी स्वतःचं माप घेऊन ठेवलं होतं, गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं.

मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तेव्हा त्यांनी मला शांतपणे सगळं समजावलं, कापड बेतावं तसं. त्यांचा धाकटा भाऊ असाच वाळत गेला होता. तो कोणता आजार ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं नाव ते घेणार नव्हते. नाव निघालं की दादा दुसऱ्या दिवशी मशीन विकणार आणि आठवड्यात माझं लग्न ठरवणार. बापाचे डोळे उघडे आहेत तोवर लेकीच्या डोक्यावर अक्षता पडाव्या, असं सगळेच म्हणतात, आई तर आधी म्हणेल. आणि नाव फुटलं की चांगली स्थळंही फिरकणार नाहीत, मिळेल त्याच्या गळ्यात बांधतील.

"फाल्गुनात तुझी परीक्षा हाय," ते म्हणाले. "तवर मी निभावतो. परीक्षा झाली का दुसऱ्या दिशी दवाखान्यात जातो, तूच ने. तवर फकस्त सदरा अंगाला बसला पायजे."

मी मशीनवर बसले. मला ते शिवताना रडू आलं नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. मला हायसं वाटलं. परीक्षा होईल, मी शिकेन, लातूरचं स्थळ जाईल, आणि अप्पा फाल्गुनात बरे होतील, असं सगळं मी एका शिलाईत बसवलं. शिवण इतकी सरळ आली की अप्पांनी ती उलटून पाहिली आणि मान डोलावली. संध्याकाळी ते शर्ट घालून बाहेरच्या ओट्यावर बसले. आईनं येताना पाहिलं आणि काहीच बोलली नाही, कारण बोलण्यासारखं काही दिसत नव्हतं. बाकीचे सुती सदरेही मी त्या आठवड्यात असेच आत घेतले.

दसऱ्याला पुन्हा एक बोट. तेव्हा मी विचारलंही नाही. अप्पांनी पट्टीवर नवी चीर पाडलेली मला दिसली की दुपारी मी आपणहून शर्ट घ्यायची. आमच्यात त्याबद्दल बोलणं झालं नाही. जेवताना मात्र मी त्यांच्याकडे बघायची. आईनं येसर घालून केलेली आमटी त्यांना फार आवडायची, त्यात बाजरीची भाकरी कुस्करून ते तीन भाकरी खायचे. आता एक भाकरी कुस्करून ताटभर पसरायचे, म्हणजे ताट भरलेलं दिसायचं. मला ते दिसायचं आणि मी दुसरीकडे बघायची. कॉलेजात माझा नंबर वर चालला होता. बाई म्हणाल्या होत्या की पहिला वर्ग नक्की.

दिवाळीनंतर मल्हारीमामा आला. हा धनगर दरवर्षी मेंढरं कातरून झाली की गावावरून जाताना आमच्याकडे मुक्कामाला यायचा, अंगातल्या सदऱ्याचं माप द्यायला आणि आईला घोंगडी द्यायला. मामा आमचा नात्यानं कुणी नव्हता, पण त्याची पट्टी भिंतीवर सगळ्यांत जुनी होती. त्याची घोंगडी विणून निघाली की केवढी तरी मोठी असते आणि पाण्यात तुडवून वाळवली की लहान होते, आणि जितकी लहान होईल तितकी पाऊस आत घेत नाही, हे अप्पांना त्यानंच दाखवलं होतं. दोघं जण तासन्तास असल्याच गप्पा मारायचे. त्या दिवशी अप्पा उठून त्याला भेटायला पुढे आले, पांढरा शर्ट, उपरणं, टोपी. मामानं नेहमीसारखी मिठी मारली आणि हात पाठीवर ठेवला. तो हात तिथंच थांबला. मग पाठीच्या मणक्यावरून सावकाश खाली सरकला, एकेका मणक्यावर थांबत. चहा पिऊन झाल्यावर मी त्याची भाकरी बांधून द्यायला अंगणात आले तेव्हा तो दोरीवरच्या ओल्या कापडाशेजारी उभा होता.

"पोरी," तो म्हणाला, "लोकर वाढली का मेंढरू वाळलेलं दिसत न्हाई. हात घालून बघावं लागतं. तुझ्या बापाला डागदरला दाव. मी परत येईन तवर उशीर व्हईल."

मी हो म्हटलं. खरंच मनातून म्हटलं. तो गेल्यावर मी सरळ स्वयंपाकघरात गेले, आईला सांगायचंच म्हणून. आई चुलीपुढे हुलग्याचं माडगं हलवत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, अप्पा वाळलेत का गं? आई बराच वेळ पळी फिरवत राहिली. तिलाही काही तरी वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं. मग ती म्हणाली, "मलाबी मधी वाटलं तसं. पण मग मी त्यांचा सदरा बगते. उन्हाळ्यात जसा बसायचा तसाच बसतो की गं. सदरा कशाला खोटं बोलंल?"

आणि तिचा चेहरा निवळला. तेवढ्यावर ती झोपत असेल, तेवढ्यावर देवापुढे दिवा लावत असेल. माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं. मनात म्हटलं, अजून तीन-चार महिने. चांगलं काम करणाऱ्याला आपलं काम फसावं असं कधी वाटत नाही, आणि माझं काम फार चांगलं झालं होतं. त्याच दुपारी मी तिसरी ओळ घातली.

संक्रांतीला चौथी. तोवर शर्टाच्या आत दोन्ही बगलांखाली इतकं कापड दुमडलेलं होतं की ते टोचायचं, पण अप्पा कापू देईनात. बरा झालो का सोडता येईल, एवढंच म्हणायचे. ते मशीनवर बसायचे पण पाय चालायचा नाही, म्हणून मी शिवायची आणि ते शेजारी बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे. लोक म्हणायचे, अप्पांनी लेक काय तयार केलीय. मला बरं वाटायचं. हे मी आज लिहिते तेव्हा हात थांबतो, पण खोटं लिहून काय करू.

माघात एका सकाळी पूजेला बसलेले अप्पा तळहातावरचं लिंग सावरता सावरता आडवे झाले. तोंडातून रक्त आलं. दादानं जीप करून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं, मी सोबत गेले. तिथं पहिल्यांदा त्यांना काट्यावर उभं केलं आणि दादानं काट्याकडे, मग अप्पांकडे, मग पुन्हा काट्याकडे पाहिलं. डॉक्टर तरुण होते, रागीट नव्हते, दमलेले होते. त्यांनी दादाला विचारलं, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का, या आजाराला आता औषध आहे, सहा महिन्यांपूर्वी आणलं असतं तर हा माणूस चालत घरी गेला असता. दादा म्हणाला, नाही हो, अगदी नीट होते, परवापर्यंत दुकानात बसत होते. मी खिडकीपाशी उभी होते. सहा महिने मागे मोजले की पोळा येत होता.

आठव्या दिवशी अप्पा गेले. घरी आणल्यावर आंघोळ घालायला शर्ट काढला तो दादानंच. काढताना तो उलटा झाला. दादा तयार कपडे विकायला निघाला होता तरी शिंप्याच्या मांडीवर वाढलेला होता, त्याला शिवण वाचता यायची. आत दुमडलेल्या कापडावरून एकाशेजारी एक चार ओळी चालल्या होत्या. त्यानं अंगठा एकेका ओळीवरून नेला. मग मान वर करून, एवढी माणसं जमलेली असताना, फक्त माझ्याकडे पाहिलं.

"हे टाके तुझे हायत," तो म्हणाला.

त्यानं शर्टाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. त्यानंतर त्यानं त्याबद्दल मला आजतागायत एक शब्द विचारलेला नाही, आणि आईला तर सांगितलंच नाही. माझ्या भावाबद्दल मी आयुष्यभर कुरकुर केली आहे, पण हे एक त्याच्या बाजूला लिहून ठेवते.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. खड्डा किती घ्यायचा ते मेलेल्याच्या स्वतःच्या पावलांनी मोजतात. मठाच्या स्वामींनी माप मागितलं तेव्हा सगळे इकडेतिकडे बघायला लागले, आणि मग मीच उठले. मांजरपाटाचा एक काठ फाडला, अप्पांच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरला आणि कात्रीनं चीर पाडली. पाऊल तेवढंच होतं. बाकी सगळं गेलं होतं, पाऊल आटलं नव्हतं. त्या पट्टीनं माणसांनी खड्डा खणला आणि तो बरोबर खणला, पण तो माझ्या लहानपणच्या अप्पांचा खड्डा होता, तीन भाकरी कुस्करणाऱ्या माणसाचा. आमच्यात बायकाही मातीला जातात, म्हणून मी पाहिलं. अप्पांना आत बसवलं तेव्हा चारी बाजूंनी जागा उरली. कुणीतरी हळूच म्हणालं की खड्डा मोठा झाला. मग भस्म, बेल आणि मीठ घालून ती जागा भरावी लागली, आणि भरता भरता गावातलं मीठ कमी पडलं म्हणून एकाला पुन्हा दुकानात पिटाळलं.

परीक्षा मी दिली नाही. माणूस गेल्यावर वर्षाच्या आत लग्न उरकायचं किंवा तीन वर्षं थांबायचं, अशी रीत, आणि आई म्हणाली, मीच तीन वर्षं जगेन की नाही कुणाला ठाऊक. वैशाखात माझं लग्न झालं, लातूरकडच्याच घरी. नवरा बरा निघाला. मशीन दादानं विकलं नाही, माझ्यासोबत पाठवलं, त्याच्यावर मी पुढे वीस-पंचवीस मुलींना शिवण शिकवली. पट्ट्या मात्र सगळ्या गेल्या. दुकानात खोकी आली आणि भिंत रंगवली.

लग्नाच्या आधी एक दुपार मिळाली तेव्हा मी तो शर्ट उसवायला घेतला. अप्पा म्हणाले होते ना, बरा झालो का सोडता येईल. मी शेवटून सुरुवात केली. आधी संक्रांत उसवली. मग दिवाळी उसवली, तेव्हा अंगणातला मल्हारीमामा आठवला आणि आईची पळी. मग दसरा. मग पोळा, ती सगळ्यांत सरळ ओळ, जी पाहून अप्पांनी मान डोलावली होती. तिचा एकेक टाका मी सुईच्या टोकानं उचलत होते आणि मनात एकच चाललं होतं, की इथं, याच ठिकाणी, मी उठून दार उघडलं असतं आणि आईला हाक मारली असती तर. ओळ संपली आणि शर्ट पूर्ण उघडला, उन्हाळ्यातल्या अप्पांएवढा. मी तो टाक्यात बुडवला, कारण आमच्या घरात तीच सवय होती.

सुती असता तर एका धुण्यात सूत आकसलं असतं आणि टाक्यांची भोकं बुजून गेली असती. उसवलेल्या कपड्याचं अप्पा असंच करायचे, मग तिथं कधी शिवण होती हे कुणाला कळायचं नाही. हे कापड आटत नाही. शर्ट अजून माझ्या पेटीत आहे, आणि उजेडापुढे धरला की भोकांच्या चारही ओळी दिसतात.